विसावं नाव

२१ जून

उन्हाळी सुट्टी संपली. शाळा उघडली, म्हणजे मीच उघडली. किल्ली माझ्याकडे असते. या वर्षापासून डोंगरीपालीत दहावी बसणार. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आठवी झाली की पोरांना नदीपलीकडच्या हायस्कुलात अकरा किलोमीटर जावं लागायचं, म्हणजे कुणी जायचंच नाही. मग सरकारची योजना आली, पाच किलोमीटरच्या आत हायस्कूल पाहिजे. आमच्या शाळेला नववी मिळाली आणि भिंतीवर निळ्या रंगात ‘उन्नत हायस्कूल’ आलं. पेंटरने खाली ‘निरंजन षडंगी, प्रभारी मुख्याध्यापक’ जरा मोठ्या अक्षरांत काढलं, त्याला मी काय करणार?

दहावीची पहिली तुकडी, वीस मुलं. हजेरी मीच घेतली. एकोणीस जण एका हाकेत ‘हजर’ म्हणाले. सेबती धरुआ दुसऱ्या हाकेला. गणितात ही पोरगी सगळ्यांचे कान कापते आणि हजेरीला मात्र खिडकीबाहेर बघत बसते. दीड वर्ष झालं, अजून सवय होत नाही म्हणजे काय!

२४ जून

‘सवय होत नाही’ असं त्या दिवशी लिहून गेलो आणि तेव्हापासून ते शब्द टोचताहेत. वही माझी आहे, कुलपात राहते. एकदा लिहून टाकतो.

नववी मिळायची तर आठवीत वीस मुलं दाखवायला हवी होती. एकोणीस चालणार नव्हती. वीस बरोबर होती, आणि तपासणीच्या बारा दिवस आधी सेबती मामाच्या गावी मेंदूच्या मलेरियाने गेली. सोळा वर्षांची होती. उशिरा शाळेत आलेली, पण शहाणी पोर. तपासणीवाले डोकी मोजणार होते. मी सहावीतून तिची धाकटी बहीण मुकुता उचलली आणि सेबतीच्या जागी बसवली. तेरा वर्षांची, पण उंच. एका दिवसासाठी! पण त्याच दिवशी त्या लोकांनी प्रत्येकाचा फोटो काढून कॉम्प्युटरात नावासमोर चढवला. तिथून नाव काढायचं तर कारण द्यावं लागतं. पुढे नववी आली, मग बोर्डाची नोंदणी. मुकुताचं स्वतःचं नाव सहावीच्या पटावरून ‘दीर्घकाळ गैरहजर’ म्हणून मीच कमी केलं.

सहावीतल्या मुलीला नववीचं गणित यावं म्हणून सहा महिने रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसवलं. कनक तिला मुढी, म्हणजे मुरमुरे, आणि गूळ द्यायची. आमची बायको कुणाला फुकट हसत नाही, पण या पोरीवर तिचा जीव जडला.

पोरींच्या आईला विचारलं होतं मी. ती म्हणाली, “थोरलीचं नाव रोज कुणीतरी घेईल ना, सर? मग घ्या.” गावाला सगळं ठाऊक आहे आणि गाव गप्प आहे. यात कुणाचं काय बिघडलं? एक वर्ग उघडला, वीस पोरं शिकताहेत.

१० जुलै

आमचे संकुल समन्वयक बिपिनबाबू फटफटी घेऊन आले. हेल्मेट काढायच्या आधीच यादी काढली. शाळाबाह्य मुलांची यादी, थेट भुवनेश्वरहून. आमच्या गावची नऊ नावं. सातवं: मुकुता धरुआ, वय पंधरा, सहावीतून गळती. समोर चार चौकटी: शाळेत परत आणली, स्थलांतर, लग्न, मृत. एकीत खूण करायची.

“शोधा की, सर,” बिपिनबाबू म्हणाले. “तुमच्याच पटावरची पोरगी. असेल कुठे बकऱ्या राखत.”

मुकुता त्या वेळी पलीकडच्या वर्गात फळ्यावर त्रिकोणमिती सोडवत होती. खडूचा आवाज येत होता.

“शोधतो,” मी म्हटलं.

आठ नावांचा निकाल आठवडाभरात लावीन. सातव्या नावासाठी यादी टेबलाच्या खणात ठेवून दिली.

२ ऑगस्ट

गणित-विज्ञानाला नवीन दीदी आल्या. स्निग्धा मोहंती, कटकच्या. कंत्राटावर आहेत. पहिल्याच दिवशी विचारतात, “सर, प्रयोगशाळा कुठे आहे?” मी कपाट दाखवलं. कपाटात एक होकायंत्र आणि पालीची अंडी. दीदी हसल्या नाहीत. किनाऱ्यावरच्या लोकांना विनोद कळत नाही, की माझाच विनोद शिळा झालाय, देव जाणे.

१५ सप्टेंबर

नुआखाई. सगळा गाव नवं धान खाऊन एकमेकांच्या पाया पडत फिरला. मुकुता आणि तिची आई आमच्याकडे जुहार करायला आल्या. पोरगी पाया पडून उठली आणि हळूच म्हणाली, “सर, मॅट्रिकच्या दाखल्यावर कुणाचं नाव येईल?”

“पटावर आहे तेच.”

“मग पास कोण होणार? मी की नानी?” इकडे थोरल्या बहिणीला नानी म्हणतात.

मी म्हटलं, आधी पास तर हो, मग नाव बदलायचा अर्ज असतो, तो करू. असा अर्ज असतो का, मला माहीत नाही. असेलच. सरकारात सगळ्याचे अर्ज असतात.

१२ नोव्हेंबर

आज चांगला दिवस. लोचन धरुआ, मुकुताचा काका, स्वतःच्या पायांनी शाळेत आला. या माणसाने कधी शाळेची पायरी चढली नव्हती. बाप वारल्यापासून घर तोच चालवतो, आणि ‘मुलीला शिकवून काय कलेक्टर करायचंय?’ हे त्याचं पाठ वाक्य. आज हात जोडून उभा. म्हणे, “सर, सेबतीचा जन्मतारखेचा दाखला पाहिजे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला लागतोय.”

मी दाखला लिहिला. जन्मतारीख ९ नोव्हेंबर.

“शिक्का नीट उमटलाय ना, सर? तारीख वाचता आली पाहिजे,” तो दोनदा म्हणाला. मी तिसरा शिक्का मारून दिला.

दोन वर्षं गावात घसा कोरडा केला, त्याचं चीज झालं. लोक योजनांची चौकशी करायला लागले. कनकला सांगितलं तर ती म्हणते, “शिष्यवृत्तीचे फॉर्म तर तुम्ही ऑगस्टमध्येच भरले होते ना?” बायकांना प्रत्येक चांगल्या गोष्टीत खोट दिसते. दुसरी कुठली तरी योजना असेल.

६ डिसेंबर

ब्लॉकच्या शिक्षण कचेरीत मीटिंग. नवीन पत्रक वाचून दाखवलं. ज्या शाळांचे वर्ग एकदा मंजूर झाले त्यांना पुढे पटसंख्येची अट नाही, आणि बोर्डात नोंद झालेल्या मुलांची परीक्षा कुठल्याही कारणाने अडवायची नाही. म्हणजे घोडं गंगेत न्हालं. माझा वर्ग आता कुणी काढून घेऊ शकत नाही. शाळेत येऊन मीच ते पत्रक शिक्षकांना मोठ्याने वाचून दाखवलं.

मेमध्ये मी निवृत्त होणार. गटशिक्षणाधिकारी साहेब म्हणाले, पहिल्या तुकडीचा निकाल चांगला लागला तर जिल्ह्यात सत्कार करू. बिपिनबाबूंनी जिन्यात गाठलं. “सातवं नाव, सर! अख्ख्या संकुलात तेवढं एक राहिलंय. माझी लाज जाते.”

२२ जानेवारी

काल पुषपुनी, म्हणजे पौषातली पौर्णिमा, झाली. पोरं दारोदार धान मागत फिरली. मुकुता मात्र तीन दिवस शाळेत नाही. आज निरोप धाडला तर आई आली. दारातच उभी राहिली.

“ताप आहे का?”

“नाही, सर.”

“मग?”

“पाहुणे आले होते. छत्तीसगडच्या बाजूचे.” एवढं बोलून पदराचं टोक पिळत राहिली. “तुम्ही दाखला दिलात ना, सर. दीर म्हणाला, सरांनीच लिहून दिलंय, पोरगी अठरा वर्षांची झाली.”

मी म्हटलं, “अगं पण ती पंधरा वर्षांची आहे!”

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मीच जन्म दिलाय.”

त्या तीन शिक्क्यांची आठवण झाली. कनकला अजून सांगितलेलं नाही.

२५ जानेवारी

लोचनला बोलावलं. खूप समजावलं, परीक्षा तोंडावर आहे, पोरगी हुशार आहे, मॅट्रिक होऊ दे. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “होऊ दे की. लग्न बारा तारखेला, परीक्षा बावीसला. सासरहून आणून बसवू. तुमचं वीस कमी होणार नाही, सर.”

“लोचन, ती सेबती नाही.”

“असं म्हणता?” तो हसला. “मग लिहून द्या. कागदावर लिहून द्या, सर, ही सेबती नाही म्हणून. मी पाहुण्यांना आजच नको म्हणून सांगतो.”

मी पाणी मागवलं. तो पाणी पिऊन, नमस्कार करून गेला. हात दगडाखाली कुणाचा आहे, ते त्याला बरोबर कळलं होतं.

३० जानेवारी

मुकुता आली. डोळे सुजलेले, पण गृहपाठ पूर्ण. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, तिच्या नावाने शाळेत बसले. तिच्या नावाने नववी पास झाले. आता तिचं लग्नसुद्धा मीच करायचं?”

“रडू नकोस. बघतो मी.”

“मी रडत नाहीये, सर. तुम्ही फक्त खरं सांगा. तुमचं ऐकतात सगळे.”

बघतो म्हटलंय. पण बघणार काय? खरं सांगितलं तर तिची बोर्डाची नोंदणी रद्द, दोन वर्षं पाण्यात. ते तिलाच नको असेल. शिवाय पट एकोणीसवर आला तर वर्गही जायचा, बाकीच्या पोरांचा काय दोष? आणि माझी पेन्शन. पेन्शनचा विचार मी सगळ्यात शेवटी केला, हे इथे नोंदवून ठेवतो.

कनक दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मुकुताच्या आईने तिला येऊन सगळं सांगितलं वाटतं.

७ फेब्रुवारी

स्निग्धा दीदींना मुलींकडून लग्नाचं कळलं. तडक माझ्याकडे. “सर, सेबतीचं लग्न ठरलंय आणि तुम्ही स्वस्थ बसलात? ती पोर अठराची दिसते तरी का?”

“कागदावर आहे.”

“कागद कुणी लिहिला?”

मी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यांनी तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तारीख वाचली. त्यांना आतली गोष्ट माहीत नाही, तरी म्हणाल्या, “मी बालविकास अधिकाऱ्यांना फोन करते. आल्यावर काय ते ठरवतील.”

मला खूप बरं वाटलं. आता जे व्हायचं ते आपोआप होईल.

१० फेब्रुवारी

सरस्वतीपूजा. मुलींनी शाळा झेंडूने मढवली. मुकुताने आपली गणिताची वही मूर्तीच्या पायाशी ठेवली, बाकीच्यांनी ठेवली तशीच. वहीवरचं नाव सेबतीचं. गेल्या वर्षी कव्हरच्या आतल्या बाजूला तिने पेन्सिलने बारीक ‘मुकुता’ लिहिलं होतं, तेव्हा मी रागावलो होतो. आज वही उघडून पाहिली. खोडलेलं होतं, पण दिसत होतं.

११ फेब्रुवारी

आजचं आजच लिहितो.

अकरा वाजता अधिकारी मॅडम आल्या, सोबत एक पोलीस शिपाई. माझ्या खोलीत लोचन, आई, स्निग्धा दीदी. मुकुता गणवेशात दाराशी उभी. मॅडमनी दाखला पाहिला, रजिस्टर पाहिलं, बोर्डाची नोंदणी पाहिली. तिन्हीकडे एकच तारीख. माझा कारभार चोख असतो.

“अठरा पूर्ण,” मॅडम म्हणाल्या. “दिसते लहान, दीदी म्हणतात ते खरं. पण दिसण्यावर कायदा चालत नाही. मास्तर, तुम्हाला ही पोरगी लहानपणापासून माहीत. नोंद बरोबर आहे ना?”

शाळाबाह्य मुलांची यादी माझ्या खणात होती. खण अर्धा उघडा. सरकारच्याच कागदावर, सरकारच्याच शिक्क्याखाली लिहिलं होतं: मुकुता धरुआ, वय पंधरा. तो कागद काढून टेबलावर ठेवायचा आणि बोट करून सांगायचं, ही ती. एवढंच काम. स्निग्धा दीदी मला म्हणाल्यासुद्धा, “सर, काही असेल तर आत्ता सांगा. मुलांच्या परीक्षेला आता धक्का लागत नाही. पत्रक तुम्हीच वाचून दाखवलंत.”

पत्रक मी वाचून दाखवलं होतं खरं. त्या क्षणी ते मला अजिबात आठवत नव्हतं.

“नोंद बरोबर आहे,” मी म्हटलं.

मॅडम दाराकडे वळल्या. “तुझं नाव काय गं?”

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मग एका दमात म्हणाली, “सेबती धरुआ.” पहिल्यांदाच. पहिल्याच हाकेला.

“तुझी मर्जी आहे लग्नाला?”

लोचन म्हणाला, “लाजतेय, मॅडम.”

मॅडमनी सही केली आणि त्या गेल्या. मी खण बंद केला.

१३ फेब्रुवारी

काल लग्न झालं. आमंत्रण होतं. गेलो नाही. कनक गेली आणि आल्यावर तिने मुढीचा डबा रिकामा करून, धुऊन उपडा ठेवलाय.

२२ फेब्रुवारी

मॅट्रिकचा पहिला पेपर. केंद्र नदीपलीकडे. एकोणीस पोरांना ट्रॅक्टरमधून घेऊन गेलो. विसावं प्रवेशपत्र माझ्या खिशात होतं. लोचन म्हणाला होता, आणून बसवू. साडेनऊपर्यंत फाटकात उभा राहिलो. छत्तीसगडच्या बाजूने दोन बस आल्या. उतरले ते वाणी आणि कोंबड्या. फाटक लावलं तेव्हा केंद्रप्रमुखांनी विचारलं, “एक गैरहजर?” मी मान हलवली.

२६ फेब्रुवारी

गणिताचा पेपर. तोही गेला. प्रश्नपत्रिका नंतर मी पाहिली. सगळी गणितं तिला येण्यासारखी होती.

१० मार्च

स्निग्धा दीदींनी बदलीचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’. मी शिफारस केली. जाताना म्हणाल्या, “सर, त्या दिवशी तुमच्या खणात काय होतं?”

“जुने कागद.”

३० मार्च

उद्या वर्षअखेर. बिपिनबाबू सकाळीच येऊन बसले. यादी बंद करायची म्हणून वरून तीनदा फोन आलेला. सातवं नाव अजून तसंच.

‘शाळेत परत आणली’ लिहावं तर कुठल्या वर्गात? ‘स्थलांतर’ लिहिलं तर नाव दुसऱ्या जिल्ह्याच्या यादीत जातं, तिथले लोक शोधत फिरतात, वर्षानुवर्षं विचारणा येते. ‘लग्न’ लिहावं तर पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न म्हणून चौकशी माझ्या दारात. एकच चौकट उरली, जिच्यानंतर कुणी काही विचारत नाही.

“मलेरियाने गेली,” मी म्हटलं. “दोन वर्षं झाली. मामाच्या गावी. नोंद राहून गेली होती.”

“अरेरे,” बिपिनबाबू म्हणाले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखे थांबले. “आधी नाही का सांगायचं? आईचा अंगठा घ्या, संपलं काम.”

आईला बोलावलं. ती आली, जमिनीवर बसली. पोरीबद्दल विचारायचं धाडस मला झालं नाही. तिनेच सांगितलं, “फोन नाही तिच्याकडे. पेपर विचारत होती म्हणे, सोपा होता का.”

मी कागद पुढे केला, शाई लावली. ती अंगठा वर धरून थांबली. तिला वाचता येत नाही.

“काय लिहिलंय, सर?”

“मरणाची नोंद. मागे राहून गेली होती ना, ती.”

तिचा चेहरा जरा सैलावला. दोन वर्षं कुणी थोरलीचं मरण कागदावर घेतलं नव्हतं, त्यालाही मीच कारण. “बरं झालं,” ती म्हणाली. “माझी सेबती सुटली एकदाची.” अंगठा कागदाजवळ नेला आणि पुन्हा थांबली. माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

“कुठली पोर, सर? कुठली गेली म्हणून लिहिलंत?”

बिपिनबाबू हेल्मेटचा पट्टा लावत होते. मी तिचा अंगठा धरला आणि कागदावर टेकवला.

३१ मार्च

डोंगरीपाली शाळाबाह्यमुक्त जाहीर झालं. प्रमाणपत्र आलंय. ते कुठे लावायचं म्हणून शिपाई विचारत होता. मी म्हटलं, लाव कुठेही.

नववीसाठी नवी नावं आली आहेत, तेवीस. हजेरीपट आखायला घेतला. पहिल्या ओळीवर पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. कनकने येऊन पेन काढून घेतलं. म्हणाली, “राहू द्या. पोरांची नावं पोरांनाच लिहू द्या.”